चाकं नवी, दिवा पिवळा

किशोरी माहेरी, रेडीला, भावाच्या मुलीच्या बारशाला गेली होती, तेव्हा तिच्या नवऱ्याने तिला न विचारता तिच्या गाडीची चाकं बदलली.

गाडी तिचीच होती, याबद्दल देवबागात कुणालाही शंका नव्हती. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर त्यांचं घर. घराला लागून पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. दत्तप्रसाद पाहुण्यांना होडीतून फिरवायचा, डॉल्फिन दाखवायचा, नाही दिसले तर उद्या नक्की दिसतील असं सांगायचा. किशोरी त्यांना कुडाळ स्टेशनवरून आणायची आणि परत नेऊन सोडायची. दत्तप्रसादला गाडी चालवता येत नव्हती. एकदा शिकायला बसला होता, पण पहिल्याच वळणावर माडाला धडकता धडकता वाचला आणि ज्या वाहनाला नांगर नाही ते आपलं नव्हे, असं ठरवून खाली उतरला. तेव्हापासून तो किशोरीच्या शेजारी बसायचा आणि रस्ता संपेपर्यंत बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायचा. समोर बघितलं की त्याला मळमळायचं.

त्यामुळे गाडी कणकवलीच्या टायरच्या दुकानात नेऊन आणण्याचं काम शेजारच्या सर्वेशने केलं, दत्तप्रसाद नुसता सोबत गेला. किशोरी बारशाहून एसटीने परतली तेव्हा गाडी अंगणात मुद्दाम आडवी लावलेली होती, आणि जुन्या लोखंडी चाकांच्या जागी काळी चकचकीत अलॉय चाकं होती. टायरही कोरे. दत्तप्रसाद पायरीवर बसला होता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

तिने पिशवी खाली ठेवली आणि गाडीला एक फेरी मारली. बरी आहेत, म्हणाली. मग कुणाला विचारून, असं विचारलं. दत्तप्रसाद म्हणाला की विचारून आणलं तर त्यात नवल काय राहिलं. ती पिशवी उचलून आत गेली. पायरीवर बसलेले सासरे, दत्ताराम, मुलाला हळूच म्हणाले की आज जेवण मुकाट्याने जेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशोरीने मालवणात बाजाराला जायला गाडी सुरू केली, आणि समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालासारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह. हा दिवा तिला ठाऊक होता. टायरमध्ये हवा कमी झाली की तो लागतो. मागच्या पावसाळ्यात आचऱ्याच्या रस्त्यावर खिळा घुसला, तेव्हा याच दिव्याने तिला वेळेवर सावध केलं होतं. गाडी सेकंडहँड असली तरी वरच्या मॉडेलची होती, आणि या दिव्याचं तिला विशेष कौतुक होतं.

मालवणच्या पंपावर तिने चारही चाकांत हवा बघितली. हवा बरोबर होती. दिवा मात्र गेला नाही.

मग गावाने उपाय सुचवायला सुरुवात केली. सर्वेश म्हणाला की नवे टायर असतात तेव्हा हवा थोडी जास्तच भरायची. तिने भरली. मग गाडी खड्ड्यांवरून टणाटण उडायला लागली आणि पाहुण्यांची एक म्हातारी मावशी देवाचं नाव घेत कुडाळपर्यंत गेली, पण दिवा जागच्या जागी. तिने हवा पुन्हा कमी केली. कुणी सांगितलं की बॅटरीची वायर काढून ठेवा, गाडी सगळं विसरते. गाडी घड्याळ विसरली, रेडिओची स्टेशनं विसरली, दिवा विसरली नाही. दत्ताराम एका सकाळी नारळ घेऊन गाडीसमोर उभे राहिले आणि त्यांनी रीतसर गाऱ्हाणं घातलं, की बा देवा, या गाडीवर काय बरावाईट नजर पडली असेल ती दूर कर आणि सुनेच्या मनाला शांती दे. नारळ गोड निघाला. त्याची चटणी झाली.

दत्तप्रसादचा उपाय सगळ्यात सोपा होता. एके दिवशी किशोरी गाडीत बसली तर दिवा दिसेना. ती खूश झाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की त्या जागेवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला आहे.

ती होडीपाशी गेली. दत्तप्रसाद इंजिन पुसत होता.

"पट्टी तुमी लावल्यात?"

"हवा बरोबर आसा ना? मगे तो दिवो खोटो बोलता. खोट्याक कित्याक बघत बसूचा?"

"खोटो बोलता म्हणान तोंड बांधूचा? उद्या खरां बोललो तर माका कळतला कसां?"

तिने पट्टी त्याच्या हातावर चिकटवली आणि निघून आली. त्या दिवशी तिने मनाशी एक गोष्ट ठरवली, पण कुणाला सांगितली नाही. ही चाकं काढायची. जुनी परत घालायची. जुन्या चाकांनी तिला कधी असा त्रास दिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात दत्तप्रसादला होडीच्या इंजिनाचा एक भाग आणायला मालवणात जायचं होतं. तो नेहमीप्रमाणे शेजारी बसला. पण गाडी अजून अंगणातच उभी होती, हलत नव्हती, म्हणून मळमळायचा प्रश्न नव्हता, आणि गाडी सुरू होताना त्याने पहिल्यांदाच समोर नीट बघितलं. किशोरीने चावी फिरवली. दत्तप्रसाद थोडा वाकला.

"बंद कर आणि परत लाव बघूया," तो म्हणाला.

तिने लावली.

"बगलंस? आधी लुकलुकता. वायच वेळ लुकलुकता, आणि मगे थांबान राहता. तुजो पावसाळ्यातलो दिवो असो लुकलुकलेलो?"

किशोरी आठवायला लागली. नव्हता लुकलुकला. खिळा घुसला तेव्हा तो लागला तो सरळ लागला होता, आणि हवा भरल्यावर गेला होता. इतके दिवस ती गाडी सुरू करताना दिव्यांकडे न बघता आरशात बघत मागे घ्यायची, त्यामुळे ही लुकलुक तिने पाहिलीच नव्हती.

दत्तप्रसादच्या बापजाद्यांनी दीपस्तंभ बघून होड्या घरी आणल्या होत्या. प्रत्येक बत्तीची लुकलुक वेगळी असते. कुठली सारखी जळते, कुठली थांबून थांबून, आणि त्यावरूनच अंधारात कळतं की समोर वेंगुर्ला आहे की देवगड. सारखा जळणारा दिवा आणि लुकलुकणारा दिवा एकच गोष्ट सांगत असतील, हे त्याला पटणं शक्यच नव्हतं.

"हो हवेबद्दल बोलणाच नाय," तो म्हणाला. "ह्येचा काय्येतरी वेगळाच म्हणणा आसा."

नवऱ्यावरचा राग तसाच ठेवून किशोरीला त्याचं कौतुक वाटलं. तिने तिथेच, अंगणात, कणकवलीच्या टायरच्या दुकानात फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दुकान चालवणारी अक्षया नावाची मुलगी होती. किशोरीने तिला शुद्ध मराठीत सगळं सांगितलं, लुकलुकीसकट.

अक्षयाला लगेच उलगडा झाला. आधी लुकलुकून मग स्थिर राहतो म्हणजे हवा कमी नाही, तर गाडीला हवा कळतच नाही. प्रत्येक चाकात, हवा भरतो त्या व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला, काडेपेटीएवढा एक सेन्सर असतो. तो हवा मोजतो आणि गाडीला कळवतो. ते सेन्सर जुन्या चाकांतच राहिले. गाडी रोज सकाळी त्यांना हाका मारते, उत्तर येत नाही, म्हणून दिवा लावते.

"मग बसवतानाच ते यात का नाही घातले?" किशोरीने विचारलं.

अक्षया थोडी घुटमळली. "मॅडम, मी स्वतः विचारलं होतं त्यांना, जुन्यातले सेन्सर काढून नव्यात घालू का म्हणून. ते म्हणाले, जुनं काही नको, सगळं नवीन पाहिजे."

किशोरीने मान वळवली. दत्तप्रसाद खिडकीतून बाहेर माडांकडे बघत होता, गाडी अजून हललीही नव्हती तरी.

अक्षयाने पुढे सांगितलं की नवे सेन्सर मागवता येतील, पण यायला वेळ लागेल आणि यंत्र लावून गाडीशी त्यांची ओळख करून द्यावी लागेल. जुने मिळाले तर सगळ्यात उत्तम, त्यांना गाडी ओळखतेच. जुनी चाकं घरी आहेत ना?

आहेत, असं म्हणून किशोरीने फोन ठेवला. मग तिने तोच प्रश्न नवऱ्याला विचारला.

चाकं घरी नव्हती. ती विजयदुर्गला होती. दत्तप्रसादचा मावसभाऊ हरिश्चंद्र चाकं बदलली त्याच दिवशी कणकवलीच्या बाजारात भेटला होता. त्याच्या होडीच्या ट्रॉलीची चाकं खाऱ्या पाण्याने सडून गेली होती. दत्तप्रसादने आपली जुनी चारही चाकं, टायरसकट, तिथल्या तिथे त्याच्या टेम्पोत टाकून दिली. न विचारता, अर्थातच.

"परवा पाहुणे नायत," किशोरी म्हणाली. "परवा आपण विजयदुर्गाक जातव."

सकाळी लवकर निघून ती दोघं आचरा, मिठबाव करत किनाऱ्याकिनाऱ्याने वर निघाली. दिवस छान होता. पाऊस सरला होता, कातळावरचं गवत सोनेरी व्हायला लागलं होतं आणि वळणावळणाला खाली दर्या दिसत होता. डिकी किशोरीने रिकामी करून घेतली होती आणि मागची सीट पाडली होती. त्यावरून दत्तप्रसादला काय समजायचं ते समजलं होतं. चार चाकं राहतील एवढी जागा होती.

कुणकेश्वर मागे टाकल्यावर तिला स्टिअरिंग जड वाटायला लागलं. गाडी डावीकडे ओढत होती. रस्ता तसा असेल म्हणून ती थोडी पुढे गेली, मग एका उतारावर गाडीने स्पष्टच कूस बदलली. तिने ती काजूच्या बागेला लागून थांबवली आणि खाली उतरली. पुढचं डावं चाक जवळजवळ बसलं होतं. टायरच्या खाचेत बाटलीच्या काचेचा तुकडा रुतलेला होता.

आत पिवळा दिवा जळतच होता. तो सकाळपासून जळत होता, काच घुसली तेव्हाही जळत होता, आणि त्याने वेगळं असं काही केलं नव्हतं.

दत्तप्रसाद चाकाकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मग त्याने दर्याच्या बाजूला रस्ता कुठे संपतो ते बघितलं. तिथे कठडा नव्हता.

स्टेपनी त्याने बदलली, आयुष्यात पहिल्यांदा. जॅक कुठे लावायचा, नट आधी सैल करायचे आणि मग गाडी उचलायची, हे ती सांगत होती आणि तो करत होता. हात त्याचे कामाचे होते, एकदा कळल्यावर चुकले नाहीत. शेवटचा नट आवळताना तो मान वर न करता बोलला.

"तो पुण्याचो पाव्हणो आठवता तुका? मे महिन्यातलो. चाकांकडे बघान तुका विचारी होतो, ह्या गाडीन आमी पोचतलव काय म्हणान."

किशोरीला आठवला. त्याच्या बायकोने त्याला गप्प केलं होतं आणि किशोरी हसून, बसा तर खरे, असं म्हणाली होती.

"तू हसलंस," दत्तप्रसाद म्हणाला. "माका हसूक येवक नाय. तेच्या मगे सबंध पावसाळो माज्या डोक्यात तीच चाकां."

मला सांगायचं तरी, असं ती म्हणाली. सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं. तिने पाण्याची बाटली काढून त्याच्या काळ्या हातांवर पाणी ओतलं. मग दोघं गाडीत बसली.

विजयदुर्गला पोहोचली तेव्हा ऊन वर आलं होतं. हरिश्चंद्राचं घर बंदराच्या अंगाला, पुळणीपासून जवळ. तो घरी नव्हता. त्याची बायको, पद्मावती, दारात कोलंबी सोलत बसली होती. ती पाहुणे आले म्हणून आनंदाने उठली, आणि कशाला आले हे ऐकल्यावर तिचा उत्साह थोडा मावळला. हात धुऊन ती त्यांना पुळणीकडे घेऊन गेली.

तिथे किशोरीला आपली चाकं दिसली. लोखंडी ट्रॉलीला चारही लावलेली, आणि ट्रॉलीवर नुकतीच मासे घेऊन आलेली होडी. किशोरीला वाटलं होतं की होडी ओढायला निदान आठ-दहा माणसं लागतील, देवबागात लागायची. इथे हरिश्चंद्र, त्याचा भाऊ आणि एक म्हातारा, एवढेच होते. म्हातारा तर नावालाच हात लावून चालत होता. होडी वाळूवरून गुमान वर येत होती.

पद्मावती म्हणाली की पूर्वी ती स्वतः खांदा लावायची. मागच्या वर्षी पाठीत भरलं, तेव्हापासून वाकता येत नाही. माणसं मिळेपर्यंत होडी पाण्यातच थांबायची आणि मासळी उन्हात. ही चाकं आल्यापासून ते संपलं. हे ती तक्रारीने सांगत नव्हती, आणि चाकं नेऊ नका असंही म्हणाली नाही. तिने तेवढं सांगितलं आणि ओल्या वाळूकडे बघत उभी राहिली.

हरिश्चंद्र जवळ आला. दत्तप्रसाद किशोरीकडे बघत होता. डिकी कशासाठी रिकामी केली ते त्याला ठाऊक होतं.

"भावजी," किशोरी म्हणाली, "चाकां तुमचीच आसत. माका तेंच्या पोटातलां वायच सामान होया. सांजेच्या आत परत आणून देतंय."

हरिश्चंद्राला पोटातलं सामान म्हणजे काय ते समजलं नाही, पण चाकं राहणार हे समजलं. होडी लाकडांवर टेकवून त्याने स्वतःच नट सोडायला घेतले. पद्मावतीने मात्र आधी जेवल्याशिवाय कुणाला हलू दिलं नाही. कोलंबीचं कालवण, भात आणि सोलकढी झाल्यावरच चाकं डिकीत चढली.

पडेलच्या नाक्यावर परशुरामाचं पंक्चरचं दुकान होतं. त्याने असलं काम फक्त एकदा केलं होतं, आणि तसं आधीच सांगूनही टाकलं. किशोरीने अक्षयाला फोन लावून त्याच्या कानाला दिला, आणि ती तिकडून सांगत गेली तसं त्याने केलं. जुना टायर रिमवरून सावकाश उतरवला, तेव्हा व्हॉल्व्हच्या मुळाशी तो छोटा काळा डबा दिसला. दत्तप्रसाद बघायला वाकला. एवढासा, असं त्याच्या तोंडून गेलं. चारही टायर व्यवस्थित बंद राहिले होते, त्यामुळे आत खारं पाणी गेलेलं नव्हतं. डबे कोरडे आणि स्वच्छ होते. जुन्या चाकांना साधे व्हॉल्व्ह लागले, डबे नव्या चाकांत गेले. काचेने फाटलेल्या टायरला आतून पॅच बसला, आणि स्टेपनी परत डिकीत गेली.

हरिश्चंद्राची चाकं पोचवून, पद्मावतीने दिलेली सुक्या बांगड्यांची पुडी घेऊन, ती निघाली तेव्हा ऊन कलत होतं. किशोरीने चावी फिरवली. दिवा लुकलुकला आणि मग थांबून राहिला, रोजच्यासारखाच.

तिने हात स्टिअरिंगवर टेकले. अक्षयाने सांगितलं होतं की चाकं फिरल्याशिवाय सेन्सर जागे होत नाहीत, थोडं अंतर चालवावं लागेल. पण सांगितलेलं आठवणं वेगळं आणि समोर दिवा बघणं वेगळं. ती निघाली. पडेलचा नाका गेला. एक लांब सरळ रस्ता आला, दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा. तिने वेग थोडा वाढवला. ती रस्त्याकडे बघत होती, आणि पुन्हा खाली नजर गेली तेव्हा दिवा नव्हता.

ती सांगायला वळली. दत्तप्रसाद खिडकीला डोकं टेकून झोपला होता. हात अजून काळेच होते. दिवसभर चाकं चढवून-उतरवून तो दमला असणार. तिने त्याला उठवलं नाही. दिव्याची जागा आणि रस्ता, रस्ता आणि दिव्याची जागा, असं आळीपाळीने बघत ती एकटीच बराच वेळ हसत राहिली.

जामसंड्याजवळ गतिरोधकावर तो जागा झाला. "गेलो?" त्याने विचारलं.

"कधीचोच."

त्याचा विश्वास बसेना. तो पुढे वाकला आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. गाडी वळणं घेत होती तरी बघत राहिला, आणि मळमळतंय असं काही म्हणाला नाही. मग त्याने बोट पुढे केलं.

"आणि हो दुसरो कसलो गो पेटलो?"

किशोरीने बघितलं. उजव्या कोपऱ्यात एक छोटा दिवा खरंच लागला होता. विजयदुर्ग ते पडेल जादा फेऱ्या झाल्या, त्या तिने धरल्याच नव्हत्या.

"तो पेट्रोलाचो," ती म्हणाली. "तो लुकलुकणा नाय. तेचा ऐकूचाच लागतला."

पंप पुढच्याच वळणावर होता. तिने गाडी आत घेतली.